कागदावरची लांबट भोकं

चाळीस पावलांवर लावलेल्या कागदावर भोकं पडली होती, पण ती गोल नव्हती. लांबट होती. गोळी टोकाने न शिरता कुशीवर झोपून आरपार गेली असावी, तशी.

मित्रांनो, मी एक जुनी लिव्हरची रायफल आहे आणि ती भोकं माझीच आहेत. माझ्या चापाखाली लोखंडाची एक कडी आहे. ती खाली ढकलून परत वर ओढली की रिकामं टरफल बाहेर पडतं आणि नवं काडतूस आत सरकतं. एवढं साधं माझं यंत्र आहे. तरीही एका वसंतात माझ्यामुळे एका घरातली माणसं एकमेकांकडे तिरक्या नजरेने पाहू लागली.

माझा जन्म पूर्वेकडच्या एका कारखान्यात झाला. पोलादाची कांब आरपार कोरून माझी नळी केली आणि तिच्या आत पिळदार खाचा पाडल्या. या खाचा गोळीला धरतात आणि फिरवतात. भोवरा फिरतो तोवर उभा राहतो. गोळीचंही तसंच आहे. मग नळीवर, जिथे लाकूड सुरू होतं तिथे, काही अक्षरं आणि आकडे ठोकले गेले. ते काय होते हे मला कधीच वाचता आलं नाही. तुम्हाला तरी स्वतःची मान मागून कुठे दिसते?

माझा पहिला मालक अ‍ॅन्सेल रॉर्क मोंटानाच्या डोंगरात वणव्यांवर पहारा ठेवायचा. माणसांपेक्षा घोड्याशी अधिक बोलणारा गृहस्थ. हिवाळ्यात तो टेबलाशी बसून स्वतःची काडतुसं स्वतः भरायचा. जुनी टरफलं मिळतील तिथून आणायची, त्यांचं तोंड सळईने थोडं रुंद करायचं, मग दारू आणि गोळी भरायची. तोंड रुंद कशासाठी, ते त्याने कुणाला सांगितलं नाही. मला विचारता येत नव्हतं.

एकदा दगडांच्या उतारावर त्याचा घोडा घसरला आणि माझ्यावर लोळला. नळीखालचं लाकूड चिरलं. त्या मुलखात अशा दुखण्यावर एकच इलाज असतो. रॉर्कने गाईचं कच्चं चामडं ओढ्यात भिजवलं, नळी आणि लाकूड मिळून घट्ट गुंडाळलं आणि टाके घातले. वाळल्यावर ते आवळलं आणि हाडासारखं टणक झालं. साऱ्या खोऱ्याने त्या कामाचं कौतुक केलं. म्हातारपणी रॉर्क आजारी पडला तेव्हा मात्र मी दाराआड उभी राहिले, आणि उंदरांनी माझा पट्टा खाल्ला.

तो गेल्यावर त्याच्या सामानाचा लिलाव झाला. गवताच्या गाडीवर तीन रायफली मांडल्या होत्या. गुरं पाळणारा व्हर्लिन हॉगन आमच्यासमोर उभा राहिला. सत्तरी ओलांडलेला, सडपातळ माणूस. शेजारी त्याचा जन्माचा शेजारी वेंडेल ट्रिप, हातात अ‍ॅपल-पायचा तुकडा.

"ही जाड नळीची घे," वेंडेल म्हणाला. "एका गोळीत अस्वल आडवं."

"आणि दुसऱ्या गोळीच्या धक्क्याने मी. शिवाय हा ओंडका घोड्याने का वाहायचा?"

"मग ती धाकटी."

"ती पिस्तुलाची काडतुसं खाते. अस्वलाला गुदगुल्या होतील." व्हर्लिनने मला उचललं. "मला सगळ्याला पुरेल अशी एकच हवी. खोगिराला लटकवली तर मांडीत रुतू नये. कोल्ह्याला जास्त होऊ नये, अस्वलाला कमी पडू नये. आणि काडतूस असं हवं, की पेंडीच्या दुकानातसुद्धा मिळावं."

"म्हणजे थर्टी-थर्टी."

"म्हणजे थर्टी-थर्टी."

लिलाववाल्यानेही मला उंच धरून तेच नाव पुकारलं. त्या खोऱ्यात लिव्हरच्या प्रत्येक आखूड रायफलीला थर्टी-थर्टीच, म्हणजे तीसच्या नळीची, म्हणतात. व्हर्लिनच्या निवडीची कारणं निर्दोष होती. आजही मला त्यांत खोट सापडत नाही. वेंडेलने त्याच गाडीवरून रॉर्कच्या भरलेल्या काडतुसांचा तंबाखूचा डबा घेतला. टरफलांच्या बुडाला थर्टी-थर्टीचा शिक्का होता आणि त्याच्या घरी तशीच रायफल होती.

वसंतात वासरं जन्मू लागली आणि कुंपणाशी काळं अस्वल आलं. व्हर्लिनने खांबाला टेकून नेम धरला आणि माझ्यातलं शेवटचं काडतूस संपेपर्यंत गोळ्या झाडल्या. अस्वलाने वासरू उचललं आणि चालत, हो, चालत निघून गेलं.

व्हर्लिनची मुलगी अर्लिस हे सगळं ओसरीतून पाहत होती. कॉलेजात रसायनशास्त्र शिकून परतलेली, आई गेल्यापासून सारा कारभार तिच्याकडे.  त्या दिवसापासून ती मिठाची वाटी मुद्दाम टेबलाच्या पलीकडच्या टोकाला ठेवू लागली आणि वडिलांचा हात नीट वाटीवर पडतो का, ते पाहू लागली.

"ते भिंतीवरचं कॅलेंडर वाचा बरं, बाबा."

"का? तुला वाचता येत नाही?"

जूनमध्ये गुरं वरच्या कुरणात जातात. दर उन्हाळा व्हर्लिन तिथल्या लाकडी खोपटात एकटा राहत असे, बर्फ पडेपर्यंत. बाकीचे महिने तो या महिन्यांची वाट पाहण्यात काढायचा. अर्लिसने एका सकाळी सांगून टाकलं, "यंदा वर दुसरा माणूस जाईल. चाळीस पावलांवरचं अस्वल दिसत नसेल, तर तिथे एकट्याने राहणं म्हणजे मूर्खपणा आहे."

"अस्वल दिसलं. लागलं नाही."

"प्रत्येक म्हातारा हेच म्हणतो."

मग घरात संशयाला ऊत आला. अर्लिसने माझी नेम धरायची खूण सरकवली असावी, या शंकेने व्हर्लिन रोज सकाळी माझ्यावर अंगठा फिरवून पाहायचा. मग त्याचा संशय काडतुसं आणली त्या पेंडीच्या दुकानाच्या ओल लागलेल्या गोदामावर गेला. वेंडेलचा संशय माझ्यावर होता: रॉर्कने हिची नळी घासून गुळगुळीत केली. त्याचं आणखी एक दुखणं होतं. रॉर्कच्या डब्यातली काडतुसं त्याच्या रायफलीत शिरतच नव्हती. लिलावात कुणीतरी डबा बदलला, असं तो प्रत्येक जेवणात सांगायचा. आणि मित्रांनो, खरं सांगायचं तर माझाही संशय माझ्यावरच होता. गोळी माझ्यातून जाताना खाचांना धरत नव्हती, नुसती चाटून निसटत होती. मला वाटलं, वय झालं.

शेवटी व्हर्लिनने ओढ्याच्या मातीच्या काठाला कागद लावला, दोघांसमोर माझ्यातून गोळ्या झाडल्या, आणि ती लांबट भोकं पडली. एकही मध्याच्या जवळ नव्हतं.

"झालं?" अर्लिस म्हणाली.

"नाही झालं. आता तू झाड."

"माझे डोळे चांगले आहेत."

"म्हणूनच."

तिने मला खांद्याला लावलं. तिचीही भोकं लांबट पडली, आणि वडिलांपेक्षा दूर. वेंडेल आभाळाकडे बघत शीळ वाजवू लागला.

अर्लिसने मला खाली ठेवलं. तिच्या चेहऱ्यावरचा निश्चय तसाच होता, पण त्याची दिशा बदलली होती. "एका वेळी एकच गोष्ट बदलायची," ती म्हणाली. "माणूस बदलून पाहिला. वेंडेल, हीच काडतुसं तुमच्या रायफलीतून झाडा."

वेंडेलच्या रायफलीतून भोकं गोल पडली.

"मी म्हटलं नव्हतं? नळी झिजली आहे."

तिने कडी उघडून मला पूर्ण रिकामं केलं, पुन्हा तपासलं, आणि मागच्या बाजूला पांढरा कागद धरून नळीत पाहिलं. "झिजलेली नाही. खाचा नव्यासारख्या आहेत."

 अर्लिस वाकली आणि गवतातली टरफलं गोळा करू लागली. वेंडेलच्या रायफलीतलं एक आणि माझ्यातलं एक, अशी तिने शेजारी धरली. माझ्यातल्या टरफलाचं तोंड रुंद झालं होतं. दुसऱ्या एकाचं तर चिरलंच होतं.

"हे बघ की," वेंडेल म्हणाला. "रॉर्कची काडतुसं अशीच, जाड मानेची. म्हणून तर माझ्यात शिरत नाहीत. त्या माणसाला काडतूस भरताच येत नव्हतं."

अर्लिसने मान वर केली. "तो डबा कुठे आहे?"

"माझ्या ट्रकमध्ये. कुणाला तरी विकणार होतो."

"कुणाला?" व्हर्लिनने विचारलं.

"तुला."

डबा आला. अर्लिसने दुकानातलं काडतूस घेतलं आणि ते उलटं धरून त्याची गोळी माझ्या रिकाम्या नळीच्या तोंडात घातली. गोळी सबंध आत गेली. टरफलाचं पितळ नळीच्या लोखंडाला टेकलं तेव्हाच थांबली. मग रॉर्कचं काडतूस घेतलं. त्याची गोळी टोकापुरती शिरली आणि घट्ट अडली.

 मग अर्लिसचं बोट माझ्या चामड्यावर आलं. "याच्याखाली काय आहे?"

"रॉर्कचं काम आहे ते," व्हर्लिन म्हणाला. "खोऱ्यात तसं दुसरं नाही."

"बाबा, कापा."

त्याने चाकूने एकेक टाका तोडला, फार हळू. टणक चामडं सालासारखं निघालं. खाली कारखान्याने ठोकलेला आकडा होता, झाकलेला असल्यामुळे अजून लखलखीत: बत्तीस.

अर्लिसने तो आकडा अंगठ्याने पुसून पुन्हा वाचला. मग वडिलांकडे न बघता म्हणाली, "बत्तीसची काडतुसं मागवावी लागतील. यायला वेळ लागेल. तोवर घोड्याला नाल मारून घ्या."

"कोणाच्या घोड्याला?"

"तुमच्याच. वर दुसरं कोण जाणार आहे?"

रॉर्कची काडतुसं तिने झाडू दिली नाहीत. मेलेल्या माणसाने त्यांत किती दारू भरली, ते कोण सांगणार? वेंडेल त्यावरही कुरकुरला. नवी आली, तेव्हा व्हर्लिनने त्याच काठाला नवा कागद लावला. भोकं गोल पडली, आणि मुठीखाली झाकावीत इतकी जवळ.

मित्रांनो, आम्हा जुन्या वस्तूंना तेल द्या, कोरडं ठेवा, आमची मोडतोड प्रेमाने सांधा. पण सांधताना आमच्यावर कोरलेलं झाकू नका, आणि झाकलं असेल तर लोक सांगतात त्या नावावर विसंबू नका. काढून पाहा. माणसाच्या डोळ्यांवर ठपका ठेवण्याआधी तर नक्कीच.

कारण एवढंच होतं: माझी नळी बत्तीसची, म्हणजे इंचाच्या शंभरांतले बत्तीस भाग रुंद, होती आणि माझ्यात तीसची काडतुसं घातली जात होती. दोन्हींचं टरफल जवळपास सारखं, बत्तीसचं तोंड तेवढं रुंद, म्हणून ती आत बसत आणि उडत. गोळी बारीक असल्यामुळे खाचा तिला धरत नव्हत्या. धरत नव्हत्या म्हणून ती फिरत नव्हती. फिरत नव्हती म्हणून हवेत कोलमडून आडवी होत होती. व्हर्लिनच्या डोळ्यांत काहीही दोष नव्हता.