ढगातल्या वहिनी

वहिनी गेल्याचं कळलं त्या दिवशी ऑफिसात कुणालाच काही सुचेना. साहेब घरांचे नकाशे काढायचे, पण ऑफिस चालायचं त्यांच्या बायकोच्या, म्हणजे वहिनींच्या, डोक्यावर. कोणतं काम कुणाकडे, कोण चिडला की आधी काय बोलायचं, सगळं तिला तोंडपाठ असे. त्या दिवशी फोन वाजत राहिले आणि सगळे एकमेकांकडे बघत राहिले.

घरीही तेच. फोन वाजला की साहेब वाट बघत बसायचे. उचलणारं आता कुणी नाही, हे फोन वाजायचा थांबल्यावर लक्षात यायचं.

पुढे प्रश्नांना उत्तरं देणारं सॉफ्टवेअर विकणारा एक जण आला. सॉफ्टवेअरच्या सरावासाठी म्हणून त्यानं ऑफिसच्या जुन्या मेल आधीच मागवून घेतल्या होत्या. प्रात्यक्षिकाला सगळं ऑफिस खोलीत दाटीवाटीनं उभं राहिलं, शेजारचा दातांचा डॉक्टरही येऊन टेकला.

विक्रेत्यानं बोटं चोळली आणि टाइप केलं : नकाशा महिनाभर अडवून धरणाऱ्या ग्राहकाला काय सांगू?

पडद्यावर उमटलं : ‘उशीरलालांना आधी पाणी द्या, मग तारीख सांगा. दोन्ही थंडच असू द्या.’

सगळे हसले आणि एकदम गप्प झाले. ‘उशीरलाल’ हा शब्द फक्त वहिनींचा.

“वहिनीच बोलल्या,” टेलिफोनवाली म्हणाली आणि तिनं हात जोडले.

“आमच्याकडे काहीच हरवत नाही, ताई,” विक्रेता मधाळ आवाजात म्हणाला. “सगळं क्लाउडमध्ये, ढगात जातं. तिथं कायम राहतं.”

“ढगात म्हणजे... वहिनीपण तिकडेच...” म्हातारे ड्राफ्ट्समन काका बोलता बोलता थांबले.

साहेबांनी घसा साफ केला. “मी काही विचारलं तर?”

“सध्या प्रश्न मीच टाइप करतो. पाच वर्षांच्या करारावर सही झाली, की सगळं खुलं होईल, साहेब.”

साहेबांनी पेन काढलं.

“भावोजी, जरा थांबा.” दाराशी मेहुणी उभी होती, वहिनींची धाकटी बहीण. ती शाळेत विज्ञान शिकवायची. “सकाळपासून तुमचं इंटरनेट बंद आहे ना? मघाशी इथून मला मेल पाठवता आली नाही.”

“माझ्या फोनवरून घेतलंय,” विक्रेता झटकन म्हणाला.

“मग फोन बंद करा बघू.”

“मॅडम, त्याची काय गरज?”

“ढग नाहीसा झाला, तर पाऊस कुठून पडतो ते बघायचंय.”

सगळ्यांच्या नजरा वळल्या. त्यानं फोन बंद केला. मेहुणीनं लॅपटॉप पुढे ओढला, ‘कखगघ’ टाइप केलं आणि कळ दाबली.

पडद्यानं गंभीरपणे सल्ला दिला : ‘घाई करणाऱ्याला खुर्ची द्या. बसला की आवाज उतरतो.’

तिनं काहीही न लिहिता पुन्हा कळ दाबली. पुढचा सल्ला आला.

“हे आधीच भरून ठेवलंय,” ती म्हणाली. “कळ दाबली की पुढचं वाक्य. वाक्यं ताईची, तुम्हीच दिलेल्या मेलमधली. प्रश्न मात्र यांनीच टाइप करायचे, कारण दुसऱ्या कुणी प्रश्न विचारला असता तर उत्तर जुळलं नसतं.”

“प्रात्यक्षिकाला सगळेच थोडं...” विक्रेता म्हणाला.

“थोडं?” डॉक्टर म्हणाला. “अहो, दाताखाली काही लागलंच नाही.”

विक्रेता सामान आवरून गेला. खोली रिकामी झाली. साहेब पेनचं टोपण लावत होते, ते बसेना.

“मला कळत होतं, छोटे,” ते म्हणाले. “तरी वाटलं, अजून एक वाक्य ऐकू.”

“मलाही वाटलं,” ती म्हणाली. “म्हणून तर दुसऱ्यांदा कळ दाबली.”

मग ती खुर्ची ओढून बसली. “सॉफ्टवेअर घ्या, तुम्हाला लागणारच आहे. पण काम तुमचं घाला, प्रश्न तुम्ही विचारा, आणि ते अडलं की काय होतं ते बघा. जिथं प्रश्न विचारायची बंदी असते, तिथं हात जोडायचे नाहीत. आणि भावोजी, ताईला तिथं शोधू नका.”

साहेबांनी मान हलवली.

सॉफ्टवेअर अजून निवडायचं आहे. वहिनींच्या मेल त्या माणसाकडून पुसून घ्यायच्या आहेत. आणि घरचा फोन वाजला की उठून उचलायचं, ते अजून साहेबांना जमलेलं नाही.