खिळा ठोकायचा नाही

…तो ठिपका अजून दिसतोच. तांदळाच्या दाण्याएवढा, भिंतीपेक्षा किंचित जास्त पांढरा — लांबी भरली, घासली, वरून दोनदा रंगाचा हात दिला, तरी हा आहेच, आणि आपण अख्खी भिंत सोडून त्याच्याकडेच बघत उभे आहोत. बाकीची भिंत त्याच्या डोळ्यांना कधी दिसलीच नव्हती. गिरणीत उमेदीची सगळी वर्षं तपासणीच्या टेबलावर गेली. खालून दिवा, वरून कापड सरकतंय, आणि त्यातला सुटलेला धागा, तेलाचा डाग, गाठ तेवढी पकडायची. चांगलं कापड डोळ्यांखालून नुसतं निघून जायचं. ते बघायचा पगार नव्हता.

त्याने मोरीच्या जाळीत मगभर पाणी ओतलं. बंद घरात जाळीखालचं पाणी आटतं आणि गटाराचा वास वर येतो, हे दलालाने शिकवलेलं. आधीची भाडेकरू गेल्यापासून तो कामावरून सुटला की आधी इथे येतो, नळ सोडतो, खिडक्या उघडतो, पुन्हा लावतो. राहायला मात्र तो आणि बायको लाँड्रीच्या मागच्या दोन खोल्यांत — त्या दुसऱ्याच्या, भाड्याच्या, कायम वाफेने ओल्या. हिशेब सरळ होता: या घराचं भाडं बँकेचा हप्ता फेडेल, आणि म्हातारपणी घर आपलं होईल. म्हातारपण वेळेवर आलं. भाडं थांबलं.

"आपण कसले मालक," सकाळी बायको म्हणाली होती, "आपण राखणदार. राखणदाराला निदान पगार तरी असतो." आणि डबा हातात देताना, हळू आवाजात, "आज तोंडाला कुलूप लावा. हात जोडते तुमच्यापुढे."

कारण आज एक नवरा-बायको भाड्याने घ्यायला घर बघायला येणार होते. दलालाने फोनवर स्वच्छ सांगितलं होतं, "साहेब, हे शेवटचं. यांनी नाही म्हटलं तर विकायला काढू. गिऱ्हाईक आहे माझ्याकडे. कर्ज फिटेल. हातात काय उरेल ते मला विचारू नका."

आधीची भाडेकरू नर्स होती. ती आणि तिची आई. भाडं न मागता मिळायचं. दर रविवारी तो इथे सहज यायचा… चहा घ्यायचा नाही, बसायचा नाही, ओट्याच्या कडेवरून नुसतं बोट फिरवायचा. (माझं घर, मी बघू नये?) एका रविवारी याच भिंतीवर खिळा. खिळ्यावर तिच्या वारलेल्या वडिलांचा फोटो. तर आपण काय म्हणालो — खिळा ठोकायचा नाही, करारात आहे. एवढंच. खोटं होतं का?

"मग काय काका, फोटो हातात धरून उभी राहू?" ती हसत म्हणाली होती. तिची आई हसली नव्हती. सामान टेम्पोत भरताना मात्र नर्सही हसली नाही. "घर चांगलं आहे हो. पण रविवार उजाडला की आईच्या पोटात गोळा येतो."

तुझ्या आईच्या पोटात गोळा. आणि हप्त्याच्या दिवशी माझ्या पोटात काय —

बेल.

दलाल, त्याच्यामागे नवरा, त्याच्यामागे कमरेवर हात ठेवून ती. दिवस भरत आलेले, जिन्याने धापा टाकणारी. आत पाऊल टाकलं आणि थांबली. "अगं बाई, किती उजेड!"

तो गप्प. शाब्बास.

"शिवणाचं मशीन इथे खिडकीशी," ती नवऱ्याला म्हणाली, "आणि पाळणा इथे. वर कडी बसवता येईल ना हो, काका?"

छताला भोक. करारातलं कलम जिभेच्या टोकावर आलं, दाताला लागलं, आणि त्याने ते गिळलं.

"बसवा की. एक कशाला, दोन बसवा."

मुक्याला वाचा फुटलेली बघावी तसा दलाल बघत राहिला. नवरा हसला. "मालक असावा तर असा!"

जमलं होतं. आता फक्त उभं राहायचं. नवरा दलालाला अनामत रकमेचं विचारत होता, पाण्याच्या वेळा विचारत होता, आणि ती दमून भिंतीला टेकली. घामाने भिजलेली पाठ. बाजूला झाली तेव्हा तिथे ओलसर सावली. वाळली असती. पाणी वाळतं, एवढं कळतं ना माणसाला… पण बायको तोंडाबद्दल बोलली होती, हाताबद्दल नाही. रुमाल खिशातून कधी निघाला ते कळलंच नाही, तो पुसत होता, हलक्या हाताने, गोल गोल, महागातला तागा पुसावा तसा.

ती बघत होती. चेहऱ्यावर राग नव्हता. हात मागे नेऊन ती स्वतःची पाठ चाचपत होती, आपल्याला असं काय लागलंय ते.

"कळवतो," नवरा म्हणाला. तिला दंडाला धरून त्याने जिना उतरवला.

दलाल दारात रेंगाळला. "त्या गिऱ्हाइकाला उद्या बोलावू?"

त्याने रुमालाची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली.

"साहेब, रुमाल तरी ठेवा आता," दलाल म्हणाला आणि गेला.

बायकोला काय सांगायचं? एक वावगा शब्द बोललो नाही म्हणायचं. खरंच आहे ते. तो खाली बसला, फरशीवर, भिंतीपासून जरा अंतर ठेवून. या घरात आपण कधी बसलोच नव्हतो. फरशी गार होती. शेजारी कुणीतरी खुर्ची ओढली, कुणीतरी कुणाला हाक मारली, "अरे, जेवायला ये." हे सगळं इतकं स्पष्ट ऐकू येतं इथे, आणि भाडेकरूंपैकी कुणी कधी बोललं नाही. का बोलतील…

जिन्यावर पावलं वाजली. त्याने गुडघे पोटाशी घेतले, बूट फरशीवरून उचलून धरले, श्वास आखडला. आता कुणीतरी आत येईल, आपल्याकडे बघेल, आपल्याखालच्या फरशीकडे बघेल. काय म्हणेल? आपण काय म्हणायचं?

पावलं वरच्या मजल्यावर निघून गेली. तो तसाच, अंग चोरून, बसून राहिला.