चार यंत्रांचं एक कपाट

"बाहेर दगड फुटेल असं ऊन, आणि मी इथे लोकरीचा स्वेटर घालून बसलेय. का, तर या म्हाताऱ्याला गारवा हवा! आणि वर याची घुरघुर ऐका."

मित्रांनो, म्हातारा म्हणजे मी. मी संगणकांची माहिती साठवणारं एक जुनं डिस्कचं कपाट आहे. कालाहारी वाळवंटाच्या कडेला सेरोवे गावात, गुरांच्या अंगावर मालकाची खूण म्हणून दिलेल्या डागांची नोंद ठेवणारं एक कार्यालय आहे, त्याच्या मागच्या खोलीत मी उभा असतो. कुरकुर करताहेत त्या बाईंचं नाव गोफाओने; आमच्याकडे बाईला मानाने म्मा म्हणतात आणि पुरुषाला र्रा. माझी देखभाल त्याच करतात. घुरघुर माझ्या पंख्यांची आहे, आणि तिच्याबद्दल मी कुणाची माफी मागणार नाही. चोवीस डिस्क नऊ वर्षं अखंड फिरवून दाखवा, मग बोलू.

माझा जन्म कुठल्या कारखान्यात झाला ते मला ठाऊक नाही. फ्रान्सिसटाउनहून ट्रकमध्ये हादरे खात आलो, तेवढं आठवतं. ज्या खोक्यातून आलो त्याच्या फळ्या शिपायाने घरी नेल्या, त्यात आता कोंबड्या अंडी घालतात. मला इथे चार यंत्रांशी जोडलं. एकावर डागांच्या नोंदींचा डेटाबेस. बाकी तिघांवर कार्यालयाची पत्रं, गुरांचे फोटो आणि डॉक्टरांच्या लसीकरणाच्या याद्या. चौघांनाही मी आतून पूर्ण दिसतो आणि चौघंही माझ्यात हवं ते ठेवतात. रानातल्या एका विहिरीवर चार घरांची गुरं येतात, तसंच.

रोज संध्याकाळी घरी निघण्याआधी म्मा गोफाओने डागांच्या नोंदींचा बॅकअप माझ्यात ठेवत. चार वर्षांपूर्वी वीज पडली आणि नोंदींचं यंत्र जळालं. दुसऱ्याच सकाळी म्मा ओन्थाटिले नावाच्या आजी दारात उभ्या. त्यांच्या सहा गाई कोंडवाड्यात होत्या आणि भलताच एक गृहस्थ त्या आपल्या म्हणून सांगत होता. आजींचा डाग खरा की त्याचा, हे सांगणारी नोंद तर जळलेली. तेव्हा मी पुढे झालो. दुपारपर्यंत चाळीस हजार डाग परत दिले, आजींचाही. गाई घरी गेल्या.

आठवड्याने आजी ताकाची कळशी घेऊन आल्या आणि एक वाडगा सरळ माझ्यापुढे ठेवला.

"म्मा, याला पाण्याचा थेंबही चालत नाही," गोफाओने ओरडल्या.

"मग खातं काय हे?"

"वीज."

"नुसती वीज? तरीच एवढं कण्हतं बिचारं."

माझं कौतुक झालं ते तेवढंच. त्यानंतर माझ्या जाळीत कालाहारीची वाळू साचली, ती काढायलाही कुणाला सवड झाली नाही.

आणि मग या सोमवारी र्रा मोगापी आले. ज्या कंपनीचं सॉफ्टवेअर मला चालवतं, तिचे ते परवाना तपासनीस. माणूस रीतीचा. आधी पावसाची चौकशी केली, मग गुरांची, मग सगळ्यांच्या आयांची, आणि मग कागद काढला.

"या कपाटात पत्रं ठेवा, फोटो ठेवा, काही हरकत नाही. पण डेटाबेसचा बॅकअप ठेवलात, तर हे कपाट जितक्या यंत्रांना दिसतं, तितक्या सगळ्यांचा परवाना लागतो. तुमच्याकडे एकाचाच आहे."

"पण बॅकअप लिहितं एकच यंत्र," गोफाओने म्हणाल्या.

"लिहितं किती जण ते नाही मोजायचं, म्मा. दिसतं किती जणांना, ते."

आमचे मुख्य अधिकारी र्रा त्शेको हसले. "म्हणजे शेजाऱ्याला माझी गाय दिसते, म्हणून तो तिचा मालक?"

"मी गाय मोजत नाही, र्रा. गोठ्याची दारं मोजतो. अकराव्या पानावर लिहिलंय, आणि खाली सही तुमची आहे."

अकरावं पान कुणीच वाचलं नव्हतं. र्रा मोगापींनी शुक्रवारपर्यंत मुदत दिली. एक तर चौघांचे परवाने घ्या, नाही तर बाकीच्या तीन यंत्रांची माझ्याकडची वाट बंद करा, नाही तर माझ्यातले बॅकअप पुसून टाका.

अंगणात खुर्च्या गोल मांडून बैठक बसली. इथे एकाचं पुरं झाल्याशिवाय दुसरा तोंड उघडत नाही. परवान्यांना वरून मंजुरी यायला वर्ष जाईल, हे सगळ्यांना कळत होतं. वाट बंद करायची तर तीन विभागांचं सगळं सामान दुसरीकडे हलवायचं. ते कुणालाच नको होतं. मग एकेक जण उठला आणि तेच बोलला. "पुसा की. दुसरी प्रत पालाप्येला आहेच."

मित्रांनो, इथेच माझे सगळे पंखे एकदम घोंगावले!

पालाप्येच्या शाखेत र्रा केत्सो आहेत, गोफाओनेबाईंच्या आईचे सख्खे भाऊ. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी हातात छोटी डिस्क घेऊन यायचं आणि माझ्यातली प्रत न्यायची, असं त्यांनी अंगावर घेतलं होतं. इथे लोक आपली गुरं दुसऱ्याकडे सांभाळायला देतात आणि एकदा दिली की मोजायला जात नाहीत. मोजणं म्हणजे त्याला चोर म्हणणं. त्यातून मामा! मामाला जाब विचारणारी भाची या मुलखात अजून जन्मायची आहे. गोफाओनेबाई गप्प, म्हणून कार्यालय गप्प. पण माझ्यातून जे जातं ते माझ्यादेखत जातं. मला ठाऊक आहे काय गेलं आणि काय नाही.

नियमाशी माझं भांडण नाही. तो लिहिलेला आहे, सही झालेली आहे, पाळायलाच हवा. सांगितलं तर मला पुसावं लागेल, माझ्या हातात नकार नाही. पण ज्यांनी कधी माझी जाळी झाडली नाही, आपल्या सहीवरचं पान उलटलं नाही, त्यांनी खुशाल 'पुसा की' म्हणावं, हे मी ऐकून घेणार नाही. मित्रांनो, तुमच्या घरीही कुणीतरी काहीतरी सांभाळत असेल. त्याची धूळ पुसा. आणि जे दुसऱ्याकडे ठेवलंय म्हणता, ते एकदा जाऊन डोळ्यांनी बघा. राग आला कुणाला तर येऊ दे.

आज शुक्रवार. खोलीत तिघं आहेत. र्रा मोगापी कागद घेऊन उभे, र्रा त्शेको घड्याळ बघताहेत, आणि स्वेटर घातलेल्या म्मा गोफाओने माझ्यासमोर बसल्यात. पुसण्याची आज्ञा पडद्यावर लिहून झाली आहे. एक कळ दाबायची बाकी.

"दाबा, म्मा," र्रा त्शेको म्हणाले. "पालाप्येला आहे ना सगळं."

बोट कळेवर टेकलं. मग त्यांनी हात मांडीवर घेतला आणि खुर्ची फिरवली.

"पालाप्येला काही नाही, र्रा. मामा सहा वर्षांत एकदाही आलेले नाहीत. तुम्हाला माहीत आहे, मला माहीत आहे, चहा देणाऱ्या बाईलासुद्धा माहीत आहे. चाळीस हजार घरांच्या गुरांची, नोंदींच्या यंत्राबाहेर, एवढी एकच प्रत आहे, आणि ती याच्या पोटात आहे."