जपानी किटलीवरचं नाव

शुक्रवारी सकाळी साडेदहाला रंगनाथने जपानी किटलीवर नाव घातलं. १९८३चा फेब्रुवारी होता. नाव बन्सीशेठचं घालायचं होतं. त्याने भावाचं घातलं: पुंजा सहादू तांबट.

बन्सीशेठ नाशिकच्या भांडीबाजारातले बडे दुकानदार. सत्तर साली ते ओसाकाचं जागतिक प्रदर्शन पाहून आले आणि त्यांना जपानी लोककलेचं वेड लागलं. बांबूच्या टोपल्या, निळीत रंगवलेली कापडं, लाकडी बाहुल्या, गवताचा अंगरखा असं काय काय जमवून त्यांनी दुकानाच्या माडीवर संग्रहालय थाटलं. त्या दुपारी उद्घाटन होतं. मधोमध काचेच्या पेटीत हातोडीने घडवलेली तांब्याची किटली ठेवायची होती. बिननावाचं भांडं शेठच्या डोळ्यांना खुपायचं. म्हणून दुकानाच्या पायरीवर बसून गिऱ्हाइकांच्या भांड्यांवर नावं घालणाऱ्या रंगनाथला त्यांनी वर बोलावलं. काम झाल्यावर रंगनाथने नावाची बाजू भिंतीकडे करून किटली पेटीत ठेवली. शेठ हारतुऱ्यांत गुंतले होते. त्यांनी पाहिलं नाही.

रंगनाथ अकरा वर्षं त्या पायरीवर मान खाली घालून बसत होता. शेठना वाटलं, गडी भावाचं प्रकरण विसरला.

पुंजा हा शेठच्या कारखान्यातला सगळ्यात चांगला कारागीर. बहात्तर साली त्याने स्वतःचं दुकान टाकायचं ठरवलं. त्याच आठवड्यात त्याच्या घरी शेठचं नाव घातलेला हंडा सापडला. हंडा पोचा काढायला शेठनीच दिलेला. पंचनाम्याच्या वेळी शेठ एवढंच बोलले, "नाव माझं, भांडं माझं." चौकीत पुंजाचा उजवा हात मोडला. तो पुन्हा हातोडी धरण्याजोगा जुळला नाही.

चार वाजता रंगनाथ त्याला घेऊन माडीवर आला.

"मला कशाला ओढतो रं इथं?" पुंजा जिन्यातच कुरकुरला. "त्या बन्सीचं तोंड बघायला?"

"चल तर दादा. लोक फुकट बघत्यात, आपणबी बघू."

गवताच्या अंगरख्यापुढे पुंजा हसला. "हा तर आपल्या सुरगाण्याकडच्या पावसाळी इरल्याचा चुलतभाऊ."

किटलीपाशी मात्र तो थांबला. नाक काचेला टेकेपर्यंत वाकला. "एक ठोका वाकडा नाय बघ. कुणी केली?"

पेटीला लावलेल्या चिठ्ठीवर लिहिलं होतं, कारागीर अज्ञात.

रंगनाथने पेटी उघडून किटली फिरवली. पुंजाने अक्षरं वाचली, परत वाचली.

"काय केलंस हे?"

"नाव घातलं."

"ज्यानं ठोकली त्याच्या कामावर माझं नाव? त्यानं काय घोडं मारलं होतं आपलं?"

"त्यानं नाय मारलं. शेठनं मारलं." रंगनाथने किटली उचलली आणि साऱ्या माडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "शेठ, आमची किटली आम्ही नेतो. नाव दादाचं, भांडं दादाचं."

पाहुणे आधी हसले. शेठ चष्मा सावरत आले, त्यांनी नाव वाचलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "रंग्या, डोकं फिरलं का तुझं?"

"कायदा तुमचाच हाय, शेठ. मी फक्त अक्षरं घातली."

शेठनी पोलीस बोलावले.

चौकीत फौजदारांनी कागद पुढे सरकवला. "लिहा. किटलीवर नाव दुसऱ्याचं आहे, तरी ती माझी आहे. नावावरून मालकी ठरत नाही, हे स्पष्ट येऊ द्या. नाहीतर पुढे कोर्टात टिकायचं नाही."

शेठनी पेन उघडलं. समोरच्या बाकावर रंगनाथ होता.

"लिहा ना, शेठ," तो म्हणाला. "नावावरून मालकी ठरत नाय. खाली सही ठोका. तोच कागद घेऊन मी दादाच्या हंड्याचं प्रकरण उकरतो."

शेठनी पेनाला टोपण लावलं. उद्या येतो म्हणाले.

रविवारी संध्याकाळपर्यंत ते आलेले नाहीत. माडीला कुलूप आहे. रंगनाथला चौकीतच बसवून ठेवलं आहे आणि किटली फौजदारांच्या टेबलावर आहे. दुपारी पुंजा डबा घेऊन आला. डबा बाकावर ठेवून तो किटलीपाशी गेला. मग त्याने भावाला एकच विचारलं: पत्र्याला धक्का न लावता हे नाव काढता येईल का?

नाव निघालं, तर शेठना तो कागद लिहावाच लागणार नाही.