एका वेळी एकच

माझ्या मुलाने माझ्यासाठी म्हणून आणलेली वस्तू मी सोडून घरात सगळ्यांना ऐकू येत होती, आणि यावर मी चिडायचं नाही, असं माझ्या सुनेचं म्हणणं. "आई, त्याने प्रेमाने आणलंय." आणलं असेल. पण प्रेमाने आणलेला जोडासुद्धा पायात बसावा लागतो.

मला कमी ऐकू येतं. म्हणजे आवाज येतो, शब्द येत नाहीत. लोकांना हा फरक कळत नाही. ते ओरडून बोलतात, मग मला ओरडणं ऐकू येतं, शब्द तरीही नाहीतच. टीव्हीच्या मागे हेडफोनची पिन खोचली, तो कानांवर घट्ट बसवला आणि बोलणाऱ्याचे ओठ समोर असले, की मात्र अक्षर न् अक्षर कळतं. पण पिन खोचली की टीव्ही बाकीच्यांसाठी मुका होतो. म्हणून दुपारी टीव्ही माझा, आणि माझा मुलगा एबेर कामावरून आला की त्यांचा. संध्याकाळी मी नुसती चित्रं बघते. सगळे हसले की विचारते, "काय म्हणाला?" उत्तर ठरलेलं असतं, "काही नाही आई, नंतर सांगतो." या घरातलं 'नंतर' अजून उजाडलेलं नाही.

यंदाच्या कार्निव्हलची गोष्ट मात्र वेगळी होती. माझी नात हिमेना स्पर्धेत गाणार होती, आमच्या ला तेहा वस्तीच्या फडात. माझा नवरा विल्मार याच फडात जन्मभर गायला. तेव्हा तोंड रंगवून मंचावर उभं राहायचं ते पुरुषांनी. आम्ही बायका पडद्यामागे बसून त्यांच्या अंगरख्यांवर टिकल्या शिवायचो आणि बोटांना भोकं पाडून घ्यायचो. हिमेनाचा अंगरखाही मीच शिवला. तो न्यायला आली तेव्हा माझ्यासमोर तोंड आणून ती सावकाश म्हणाली, "आजी, शेवटच्या निरोपाच्या गाण्यात मी एकटी पुढे येते. त्यात तुझ्यासाठी एक ओळ आहे. आत्ता सांगणार नाही. तूच ऐकायची."

स्पर्धा भरते त्या उघड्या नाट्यगृहाच्या दगडी पायऱ्या आता माझी कंबर चढू देत नाही. म्हणजे राहिला टीव्ही.

तोडगा एबेरनेच काढला. "साउंडबार आणतो, आई. तू हेडफोन लाव, आम्ही बारवर ऐकू. दोघांचंही भागेल." मी सगळ्यांदेखत त्याचा गालगुच्चा घेतला. एवढा मोठा बाप्या लाजला.

स्पर्धेच्या दिवशी उन्हं उतरायच्या आत शेजारचा पोचो मदतीला आला. पोचोला तारांमधलं सगळं कळतं, असं पोचोच सांगतो. दोघांनी टीव्ही भिंतीपासून ओढला. मागे केबलचा डबा, हिमेनाच्या भावाचं खेळायचं यंत्र, जुना डीव्हीडी, सगळ्यांच्या तारांचा गुंता. हे काढ, ते घाल, हा रिमोट कशाचा, तो कुठे गेला, असं बराच वेळ चाललं. शेवटी एक जाड तार टीव्हीत आणि दुसरं टोक बारमध्ये गेलं आणि खोली दणाणली. कपाटातले पेले किणकिणले. माझी सून नुबिया टाळ्या पिटायला लागली. मी हेडफोन कानांवर चढवला.

काहीच नाही.

"येत नाहीये," मी म्हटलं.

एबेरने बारचा आवाज वाढवला.

"अरे, यात येत नाहीये! यात!"

पोचोने टीव्हीवर सेटिंगची बरीच पानं उघडली, मिटली, डोकं खाजवलं. मग तो माझ्याकडे वळून मोठ्याने म्हणाला, "एल्बियाबाई, या टीव्हीचं असंच आहे. आवाज एक तर बारला जातो, नाही तर हेडफोनला. एका वेळी एकच."

आता यंत्राला अक्कल नसते, त्याला एकालाच द्यायचं असेल तर ते देईल. पण मग माणसांनी विचारायला नको, की कुणाला? माझ्या घरात तो प्रश्नच कुणाला पडला नाही. पोचो हत्यारं आवरायला लागला. एबेर बारवर फडकं फिरवायला लागला. कानामागून आली आणि तिखट झाली म्हणतात, ती ही काळी पट्टी. माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली.

नुबियाने माते, म्हणजे सगळ्यांत फिरणाऱ्या आमच्या कडू चहाचं भांडं, माझ्याकडे केलं. मी घोटही न घेता "आभारी आहे" म्हणून ते परत दिलं. आमच्याकडे हे भांडं परत देताना आभार मानले की समजायचं, बाई आता या बैठकीत नाही. नुबिया वरमली. एबेर रिमोट शोधत होता.

"रेडिओ!" पोचो ओरडला. "रेडिओवरही लागते ना स्पर्धा! सामन्याला करतो तसं करू."

फुटबॉलच्या सामन्याला आमच्याकडे घरोघर टीव्हीचं तोंड दाबतात आणि रेडिओ लावतात, कारण वर्णन करावं तर रेडिओवाल्यानेच. गोल रेडिओवर आधी होतो आणि टीव्हीवर मागाहून, पण त्याचं कुणाला काही वाटत नाही. पोचोने खिशातला रेडिओ काढून त्याच्या इयरफोनच्या गुंड्या माझ्या कानांत कोंबल्या. पडद्यावर निवेदिका बोलत होती. कानात तिचं वाक्य संपलं तेव्हा तिचे ओठ नुकते उघडत होते.

"अरे, हिचा गळा पुढे आणि तोंड मागे! मी निम्मं ओठांवरून ऐकते. मला शेंडा ना बुडखा कळत."

"आई, आजच्या दिवस घे ना चालवून," एबेर म्हणाला.

"आजच्या दिवस? माझा दिवस आजचाच होता, मेल्या!"

मी गुंड्या उपटून पोचोच्या हातात दिल्या. हेडफोन गळ्यात तसाच ठेवला. पिन खोचलेली होती, ती मी कुणाला काढू दिली नाही.

फड मंचावर आला. ढोल घुमला, तो मला पोटात कळला. मग त्यांनी मंत्र्यांची टर उडवायला सुरुवात केली. एबेर मांडी बडवत हसला, पोचोच्या डोळ्यांत पाणी आलं.

"काय म्हणाले?"

"नंतर सांगतो, आई."

टोप्या हवेत गेल्या, दिवे निळे झाले. दिवे निळे झाले की निरोपाचं गाणं, हे मला विल्मारच्या काळापासून ठाऊक. रांग दुभंगली आणि मधून हिमेना पुढे यायला लागली, माझ्या टिकल्यांनी लखलखत.

मी उठले. हेडफोन कानांवर चढवला, टीव्हीच्या मागे हात घातला आणि ती जाड तार ओढून काढली.

"आई!" एबेरचे ओठ म्हणाले. खोलीत काय झालं ते मला ऐकू आलं नाही, कारण माझ्या दोन्ही कानांत माझी नात गात होती. विल्मारचीच उंच पट्टी, पण कुठेही न चिरकणारी. "ज्या हातांना मंच मिळाला नाही," ती गायली, "ते हात आज माझ्या अंगावर आहेत, म्हणून मी भीत नाही." मी माझ्या बोटांकडे बघितलं आणि मग मला पडदा नीट दिसेना.

डोळे पुसून वळले, तर तिघंही पुढे झुकून हिमेनाच्या ओठांकडे टक लावून बसले होते. एबेर सरकत माझ्या खुर्चीपाशी आला. त्याने माझा गुडघा हलवला आणि तोंड माझ्यासमोर आणून विचारलं, "आई, काय म्हणतेय ती?"

"काही नाही रे," मी म्हटलं. "नंतर सांगते."