चिपला लागलेली हळद

प्रतीक्षाचं काम समजायला फार शिकावं लागत नाही. कांद्याच्या सालीपेक्षा हजारो पट पातळ एक पापुद्रा. त्यात एक बारीक दोष. त्यातून उजेडाचा कण बाहेर पडतो, एका वेळी एकच. असा धड दोष तिला एकच सापडला होता. जुन्या काचेवरून तो पापुद्रा उचलून नव्या चिपवर बसवायचा आणि कण तरीही एकेकच येतात हे कमिटीला दाखवायचं. जमलं तर फेलोशिप वाढणार. नाहीतर धाटावच्या कारखान्यात शिफ्ट.

खंडेनवमीला रोह्याच्या कॉलेजात विभागप्रमुख माधवराव सरांनी प्रयोगशाळेतच पूजा मांडली.

"सर, चिपची डबी बंद राहू द्या."

"का? देवाचा विटाळ होतो?" मिठागरावरच्या पोरीने आपल्याला शिकवावं, हे त्यांच्या पचनी पडणारं नव्हतं. त्यांनी झाकण काढलं, चिमूटभर हळद थेट चिपवर सोडली आणि फोटो काढून घेतला.

शिपाई जगन तिच्या कानाशी म्हणाला, "हलद लागली गो. आता वरात कवा?"

तीही हसली. दुसरं काय करणार.

दुसरी चिप नव्हती. तिने हीच धुतली, पुन्हा धुतली. चिकट फिल्मने पापुद्रा उचलला, चिपवर टेकवला, गरम केला. फिल्म सुटली. पापुद्रा बसला, जरासुद्धा न फाटता.

कमिटीसमोर निळा लेझर लावला. पडदा उजळून निघाला.

"बघ, केवढा उजेड," सर म्हणाले.

"हळदीचा आहे, सर. लेझरखाली ती चमकते. पापुद्र्याखाली अडकलीय."

"उजेड तो उजेड."

तिने उजेड दोन डिटेक्टरांत वाटला. कण एकेकच येत असते तर एका वेळी एकच वाजला असता. दोन्ही एकदम वाजत राहिले. शेवटचा उपाय म्हणून तिने सगळ्यांदेखत पापुद्रा परत उचलायला घेतला. तो फाटला, नेमका दोषावरच.

"स्वच्छतेची सवय नसते या मुलांना," सर कमिटीला म्हणाले. "येतात कुठून कुठून."

जगन दारातच उभा होता. सगळं पाहिलेला. तो कशाला बोलेल, त्याला पेन्शन घ्यायचीय. कमिटीने चहा घेतला आणि फेलोशिप संपवली.

पेणजवळच्या गावात आई, सगुणा, उंबऱ्यातच बसली होती.

"झालं काय गो?"

"नाय."

"देवाचं केलंवतंस ना सगलं?"

"व्हय."

आईने डब्याला काय देऊ, विचारलं. धाटावची बस पहाटेच असते.