तात्यांनी बांधलेला फेटा

घराण्यात कुणाचंही लग्न असो, नवरदेवाचा फेटा तात्याच बांधणार, हे मंगळवार पेठेत सगळ्यांना ठाऊक. त्यांचा डावा डोळा पोरवयातच विटी लागून गेलेला. उरलेल्या उजव्यावर त्यांनी आयुष्यभर फेटे बांधले. यंदा त्या उजव्याचाच पडदा सुटला. ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी पालथं झोपायला लावलं. दिवसरात्र उशीत तोंड खुपसून माणूस पार आंबून गेला.

पडदा चिकटला, पण दाराची चौकट उजवीकडं कललेली दिसायला लागली. "असं दिसणार, कदाचित कायमचंही," डॉक्टर म्हणाले. तात्यांनी घरात ब्र काढला नाही. सांगितलं असतं, तर पुतण्याचा, सम्राटचा, फेटा दुसऱ्या कुणी बांधला असता. मग लग्नात काय नुसतं जेवायला जायचं?

लग्नाच्या सकाळी त्यांनी सम्राटला खुर्चीवर बसवलं. हात सवयीनं फिरले, तुरा उभा राहिला. मागं सरकून बघतात तर फेटा उजवीकडं कललेला! हातांवर भरवसा ठेवायचा, तर तात्यांनी डोळ्यावर ठेवला. ओढून, दाबून, सरळ दिसेपर्यंत त्यांनी तो सोडला नाही.

"कसा झालाय रं?"

"एक नंबर, तात्या!" सम्राट म्हणाला. तात्यांची बायको धोंडुबाई नुसतीच पदर सारखा करत राहिली.

मांडवात येऊन बसल्यावर मात्र तात्यांचं डोकं फिरलं. पाहुण्यांना फेटे बांधायला बाहेरचा माणूस बोलावला होता. "ह्याला कुणी शिकवलं म्हंतो मी? एक फेटा सरळ न्हाय!"

"हळू बोला की," धोंडुबाईनं हात दाबला.

तात्या बघतच राहिले. पाहुण्यांचे फेटे उजवीकडं कललेले. मांडवाचे खांबही तसेच. अख्ख्या मांडवात सरळ दिसत होता तो एकट्या सम्राटचा फेटा.

मुहूर्ताला अजून अवकाश होता. त्यांनी सम्राटला जवळ बोलावलं.

"वाकडा झालाय न्हवं?"

सम्राटनं मान खाली घातली. "थोडा. पर तुमी बांधलाय, तात्या. ऱ्हाऊ दे आसाच."

तात्यांना एकदम फार दमल्यासारखं झालं. भांडायचंही त्राण उरलं नव्हतं. फेटेवाल्याकडं जा म्हटलं, तरी पोरगा जागचा हलेना, तेव्हा त्यांनीच हात वर करून त्या फेटेवाल्याला हाक मारली.

"ओ पावणं, हिकडं या. माझ्यानं न्हाय जमलं. आमच्या नवरदेवाला जरा फेटा बांधा."